सेलला सोल्डरिंग आयर्न लावणाऱ्यांनो, थांबा!

'जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून पॉवर बँक, फक्त पाच मिनिटांत!' असले व्हिडिओ पाहिले की तळपायाची आग मस्तकात जाते. पाच मिनिटांत? अहो, नुसते सेल तपासायलाच दोन आठवडे जातात!

सुरुवातच स्क्रू ड्रायव्हर खुपसून. लॅपटॉपच्या बॅटरीत १८६५० नावाचे नळकांड्यासारखे लिथियम सेल असतात, आणि त्या सेलचं अख्खं पत्र्याचं डबडं निगेटिव्ह असतं. पॉझिटिव्ह टोक आणि त्याच्या भोवतीची कड यांच्यात जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं अंतर, वर पातळ प्लॅस्टिक. ते फाटलं आणि सेल जोडणारी निकेलची पट्टी आडवी टेकली की शॉर्ट झालाच. प्लॅस्टिकच्या पात्याने बॅटरीच्या खोक्याची शिवण उकला. पट्ट्या नोज प्लायरने गुंडाळत गुंडाळत सोला. कव्हर फाटलं असेल तर नवं चढवा, डोक्यावर कागदी वॉशर चिकटवा.

मग मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. २.५ व्होल्टच्या खाली असलेला सेल बाजूला काढा. महिनोन्महिने १ व्होल्टवर पडलेला सेल 'जिवंत' करून टाळ्या घेणाऱ्यांचा तर भयंकर राग येतो! इतक्या खाली गेल्यावर आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं, चार्जिंग करताना नको तिथे साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. व्हिडिओत तो सेल चालतो. पुढे कुणाच्या तरी उशाशी पेटला तर?

बाकीचे ४.२ व्होल्टपर्यंत भरा. भरताना हाताला गरम लागला तो तिथेच बाद. दोन आठवडे नुसते ठेवा, ४.१ च्या खाली उतरला तोही बाद. उरलेल्यांची क्षमता टेस्टरवर मोजा आणि सारख्या क्षमतेचेच एकत्र घ्या. पॅरलल जोडण्याआधी सगळ्यांचा व्होल्टेज ०.०५ च्या फरकात हवा, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात धाडकन करंट ओततो.

आणि ते सोल्डरिंग! आयर्नचं टोक ३५० अंशांवर, आणि सेलमधला प्लॅस्टिकचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. स्पॉट वेल्डर आणि ०.१५ मिमीची निकेल पट्टी वापरा. वेल्डर नसेल तर स्प्रिंगचा होल्डर घ्या, स्वस्तात मिळतो. निकेल म्हणून मुलामा दिलेलं लोखंड विकतात तेही पाहून घ्या. लोहचुंबकाने कळत नाही, निकेललाही चुंबक चिकटतो. पट्टीवर ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज चढला की लोखंड.

सेल चार्ज करणारा टीपी४०५६ चा बोर्ड दोन प्रकारचा येतो. बॅटरीचे आणि आउटपुटचे पॅड वेगवेगळे असतात तोच घ्या, त्यात प्रोटेक्शन असतं. आणि त्यावर सेल पॅरललमध्येच, सीरिजमध्ये कधीही नाही.

'९९०० एमएएच' छापलेले नवे सेल घेऊन फसू नका. चांगल्यातला चांगला १८६५० साधारण ३५०० चा असतो, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. हाताला हलका लागला की परत करा. हिशोबही नीट करा: २००० चे सहा सेल, ३.७ व्होल्टने, म्हणजे ४४.४ वॉट-तास. ५ व्होल्टवर, १५ टक्के तोटा धरून, हाती साडेसात हजार एमएएच येतात. थंबनेलवर मात्र 'वीस हजार'!

बाद सेल घंटागाडीत टाकू नका. दोन्ही टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडून पेटतो, आणि तो कचरा हाताने वेगळा करणारी माणसं तिथेच उभी असतात.