कॅलेंडरवरचे ४७ गोल

पहाटे पावणेतीन. शेजारच्या वहिनींची मोटर घरघरली की आमच्याकडे समजायचं, पाणी सुटलं. भोंगा नाही, मोबाइलवर निरोप नाही, आणि वेळापत्रक नावाची वस्तू तर मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून पाहिलेली नाही. उठायचं, ह्यांना हलवायचं, अंधारात चाचपडत नळाला पाइप खुपसायचा आणि पहिली दहा मिनिटं नुसतं गढूळ, वासाचं पाणी मोरीत सोडून द्यायचं. आठ दिवस रिकामी पडलेली लाइन, जागोजाग फुटलेली आणि तिच्या अंगावरून गटार गेलेलं. लाइनीत दाब नसला की बाहेरची घाण आत ओढली जाते. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, बादलीत वाकून बघितलं तरी कळतं.

नंतर नितळ येतं, पण तोवर वहिनींनी मोटर थेट नळाला लावलेली असते. म्हणजे त्यांच्याकडे धार आणि माझ्याकडे करंगळीएवढं. त्यांना बोलू कोणत्या तोंडाने? मागच्या उन्हाळ्यात आम्हीही लावली. बेकायदा आहे, माहीत आहे. नियम पाळून बघितला होता, तर हंडा भरायला वीस मिनिटं लागली.

आणि पाणी आलं की घरोघरी पहिलं काम काय, तर उरलेलं ‘शिळं’ पाणी ओतून देणं! पाणी शिळं होत नाही, हे मी आमच्या सासूबाईंना तीस वर्षांत पटवू शकले नाही. पण त्यांचा तरी काय दोष? ड्रममध्ये आठव्या दिवशी अळ्या वळवळताना दिसल्या की कोण ते पाणी ठेवेल? दर पावसाळ्यात फवारणीवाले येतात, ड्रमात बॅटरी मारतात आणि आम्हालाच दरडावतात, “पाणी साठवू नका, डेंग्यू होतो.” अरे, मग रोज द्या ना!

गेल्या वर्षी १ जानेवारीला मी एक काम केलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, पाणी येईल त्या तारखेला निळ्या पेनने गोल करायचा आणि शेजारी किती मिनिटं आलं ते लिहायचं. सगळ्यांनी चेष्टा केली. मुलगा म्हणाला, “आई, तू आता विरोधी पक्षनेती.” करू दे चेष्टा. वर्षाअखेरीस बसून मोजलं. २०२५ सालात गोल भरले ४७. सरासरी पन्नास मिनिटं. गुणाकार करून बघा, एकोणचाळीस तास होतात. वर्षाचे! दोन दिवससुद्धा नाहीत. आणि पाणीपट्टी मात्र अर्धा इंची नळाला ठोक, अख्ख्या वर्षाची.

सरकारी हिशोब असा आहे की ज्या शहरात भुयारी गटार आहे तिथे माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यायचं, जिथे नाही तिथे ७० लिटर. आमच्याकडे भुयारी गटार फक्त जाहीरनाम्यात आहे, म्हणून आम्ही सत्तरवाले. चालेल, सत्तर तर सत्तर. घरात माणसं पाच. आठ दिवसांचे होतात २,८०० लिटर. आमची गच्चीवरची टाकी हजाराची, अंगणात दोनशेचे दोन ड्रम, बाकी हंडे-कळशा. करंगळीएवढ्या धारेने ते तरी भरतात का ते विचारा. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे आधी टाकीत डोकावतात.

आता म्हणाल, धरणातच नसेल तर नगरपालिका तरी काय करणार. हेच तर आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. शहाण्यासारखे, समजूतदारपणे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पावसाने काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमचंही धरण सांडव्यावरून वाहत होतं, लोक सहकुटुंब भजी खात फोटो काढायला गेले होते. त्या महिन्यात कॅलेंडरवर गोल किती? चार. आणि कोरड्या मे महिन्यात? तेही चारच.

खरी चीड आली ती पुढचं पान उलटल्यावर. नगरपरिषदांचं मतदान होतं २ डिसेंबरला. माझ्या कॅलेंडरवर २८ नोव्हेंबरला गोल आहे, ३० नोव्हेंबरला गोल आहे, १ डिसेंबरला गोल आहे. चार दिवसांत तीन वेळा! आणि पहाटे पावणेतीनला नाही, सकाळी सात वाजता, माणसांच्या वेळेला, नितळ, दाबाने. त्यानंतरचा गोल थेट ११ डिसेंबरला. म्हणजे पाणी होतं. मोटरी चालू होत्या, लाइन पोचत होती, वीज होती. फक्त कोणीतरी सांगायचं होतं, “सोड रे.” एवढी वर्षं आम्ही दुष्काळ समजत होतो, तो एक वॉल होता.

तसं बघितलं तर विचारायची सोय राहिली होती कुठे? आमच्या नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या शेवटी संपली. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायची, असं राज्यघटनेत लिहिलंय, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून. पण कधी आरक्षण कोर्टात, कधी प्रभागरचना, कधी अजून काही, असं करता करता चार वर्षं उलटली. मधल्या काळात मुख्याधिकारी हेच प्रशासक. ठराव मांडणार तेच, मंजूर करणार तेच, अंमलबजावणी करणार तेच. सभागृहात खुर्च्यांवर प्लास्टिक चढवून ठेवलेलं. माजी नगरसेवकाकडे गेलं की तो म्हणायचा, “ताई, आता बॉडीच नाही, माझ्या हातात काय?” बॉडी होती तेव्हा त्याच्या हातात काय होतं, ते मी विचारलं नाही, त्याची बायको माझ्या भिशीत आहे. त्यापेक्षा शेजारच्या खेड्यातली माणसं बरी, वर्षातून चार ग्रामसभा घेणं तिथे बंधनकारक आहे. निदान उभं राहून सरपंचाला चार शब्द सुनावता येतात. आम्ही शहरवाले म्हणून मिरवायचं आणि ओरडायचं मात्र भिंतीकडे बघून.

मुंबईत इतकी वर्षं काय चाललं होतं? तर नगराध्यक्ष थेट जनतेने निवडायचा की नगरसेवकांनी, याचा खल. २०१६ ला थेट, २०२० ला पुन्हा नगरसेवकांमधून, २०२२ ला परत थेट. एक कायदा तीनदा फिरवता येतो, आमच्या चौकातला वॉल गंजून बसलाय तो काही फिरत नाही.

बरं, झाली एकदाची निवडणूक. तीन बटणं दाबली, एक नगराध्यक्षाचं, दोन नगरसेवकांची. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा तो हायकोर्टाच्या आदेशाने २१ डिसेंबरवर गेला, कारण काही ठिकाणचं मतदान पुढे ढकललं होतं. ते अठरा दिवस उमेदवारांच्या तोंडाला पाणी नव्हतं. म्हटलं, बघा, कसं वाटतं! मग गुलाल, डीजे, जेसीबीतून फुलं. आणि आता आमच्या प्रभागाला एक सोडून दोन नगरसेवक. फायदा असा की पहिल्याला फोन केला तर तो म्हणतो, “तुमची गल्ली त्यांच्याकडे आहे,” आणि दुसरीला केला तर फोन तिचे मिस्टर उचलतात आणि म्हणतात, “आम्ही आत्ताच आलोय हो, थोडा वेळ द्या.” मॅडमना द्या म्हटलं तर मॅडम स्वयंपाकात असतात. निवडून कोण आलंय नक्की?

नव्या टाकीचं विचारू नका. ‘अमृत २.०’ ही केंद्राची योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाली, पाच वर्षांत शहरांमधल्या प्रत्येक घरात नळ, असं. आमच्याकडे माळावर जलकुंभ उभा राहिला, उंच, देखणा, निळा-पांढरा रंग दिलेला. त्यावर नेत्यांचे फोटो लागून उन्हाने फिकेसुद्धा झाले. आतमध्ये पाण्याचा थेंब नाही, कारण टाकीपर्यंतच्या लाइनीचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे आणि त्याचं बिल अडकलंय. त्या लाइनीसाठी आमचा दोन वर्षांपूर्वीचा काँक्रीट रस्ता मधोमध फोडून ठेवलाय, पाइप मात्र अजून यायचेत. पावसाळ्यात त्या चरात जेवढं पाणी साचलं तेवढं आमच्या नळाला कधी आलं नाही.

या सगळ्यात शिव्या कोण खातो? वॉलमन. कंत्राटी पोरगा, खांद्यावर तो लांब टी आकाराचा पाना, सायकलवर हिंडतो. अख्ख्या गावात पाण्याविषयी समोर येऊन उत्तर देणारा तो एकच माणूस. मीही त्याला एकदा नको नको ते बोलले, दारातच. तो खाली बघत ऐकत राहिला आणि म्हणाला, “काकू, मला फोन येतो तसं मी सोडतो. आणि तीन महिने झाले, पगार नाही.” मग मी त्याला चहा दिला. दुसरं काय करणार? फोन कोणाचा येतो, ते त्याने सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

जानेवारीत मी कॅलेंडर गुंडाळून कचेरीत गेले. खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, अर्ज करा, आवकला द्या, शिक्का घ्या, आणि पुरावा म्हणून कॅलेंडरची झेरॉक्स जोडा. बारा पानांची झेरॉक्स काढली. आता कॅलेंडर म्हटलं की त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, भिशी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, सगळंच आलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, “अर्जासोबत जोडलेल्या नोंदींचा अर्थबोध होत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.” निळ्या गोलाचा अर्थ लागला नाही त्यांना! मार्चमध्ये थकबाकीदारांच्या नावांचा फ्लेक्स चौकात लावायचा तेव्हा एक आडनाव चुकत नाही, दारात ताशा वाजवायला माणसं बरोबर घर शोधून येतात.

मग मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. एकच प्रश्न, एका ओळीत, दुधाबिधाचा उल्लेख न करता. सन २०२५ मध्ये आमच्या प्रभागात एकूण किती दिवस पाणीपुरवठा करण्यात आला? कायद्याने तीस दिवस मिळतात, त्यांनी तिसाव्या दिवशी उत्तर पाठवलं. सही, शिक्का, जावक क्रमांक, आणि तक्त्यात माझ्या प्रश्नापुढे एक शब्द, ‘निरंक’.

मी ४७ म्हणत होते. ते स्वतःच शून्य म्हणतायत.

त्याच दिवशी दुपारी पट्टीचं बिल आलं. पाणीपट्टी, संपूर्ण वर्ष. नाही भरली तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती. पहिलं अपील करायला मला तीस दिवस आहेत, ३१ मार्चला एकवीस.