कॉमनमध्ये बोला!

परवाच्या डावात गॉब्लिन नावाच्या एका छोट्या राक्षसाने मला दंड ठोठावला. गुन्हा काय, तर मी त्याच्याशी त्याच्या मातृभाषेत बोललो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात पात्र तयार करताना भाषाही निवडाव्या लागतात. बहुतेकांना समजणारी 'कॉमन' ही भाषा असतेच, म्हणून शहाणे लोक तिथे काहीतरी खरडून चिलखतांच्या पानाकडे वळतात. माझ्या नोम (म्हणजे बुटक्या जमातीतल्या) पंडिताने मात्र पुढे गॉब्लिन भाषा रीतसर शिकून घेतली. २०१४च्या नियमपुस्तकाप्रमाणे त्याला २५० दिवस लागतात आणि रोज एक सोन्याचं नाणं. तेवढ्या पैशांत बाकीच्यांनी घोडे घेतले.

तर पुलावर नाका, नाक्यावर गॉब्लिन कारकून. मी सगळ्यांना मागे सारलं, घसा खाकरला आणि डीएमला (म्हणजे खेळ चालवणाऱ्याला; बाकीची सगळी पात्रं तोच बोलतो) सांगितलं, "मी त्याला अस्खलित गॉब्लिनमध्ये नमस्कार करतो."

डीएमने नाकातून आवाज काढला. "कॉमनमध्ये बोला."

"पण मला तुमची भाषा येते!"

"मला कॉमन येते. परीक्षा दिलीय."

"अहो, तुमच्या पूर्वजांची भाषा..."

"पूर्वज गुहेत राहायचे. आमची दोन्ही पोरं कॉमन माध्यमात आहेत. घरातही कॉमनच. गॉब्लिन फक्त शिव्यांपुरती. तुम्ही कुठे शिकलात? उच्चार अगदीच पुस्तकी आहेत."

एवढ्यात आमचा रांगडा लढवय्या, बार्बेरियन, पुढे घुसला. याला कॉमनही धड येत नाही. "पूल! आम्ही! पलीकडे!" असं तो ओरडला. कारकून विरघळलाच. त्याने बार्बेरियनला बसायला स्टूल दिलं, 'पलीकडे' हा शब्द वहीत उतरवून घेतला आणि आणखी एखादं वाक्य बोलून दाखवायची विनंती केली. टेबलाभोवती सगळे लोळत होते. मी नियमपुस्तक चाळत होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कॉमन जर प्रत्येक गुहेत पोचलेली असेल, तर बाकीच्या भाषा छापता कशाला? १९७४च्या पहिल्या आवृत्तीत तर सुव्यवस्थावाल्यांची एक भाषा, अंदाधुंदीवाल्यांची दुसरी आणि तटस्थांची तिसरी होती. म्हणजे निदान समोरच्याने तोंड उघडताच पक्ष कळायचा. नंतर ती सोयही गेली. २०१४च्या पुस्तकात लिप्यांची तर आणखीच मजा. ऑर्क आणि ड्वार्फ या जमाती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची मुंडकी उडवतात, पण ऑर्क भाषा लिहितात ड्वार्फांच्याच लिपीत. गॉब्लिनही तीच वापरतात आणि जायंटही. धमकीची चिठ्ठी आली तर आधी अक्षरावरून भांडण होत असणार.

माझी दुसरी हौस म्हणजे डीप स्पीच ही भाषा. ती माइंड फ्लेयर नावाचे राक्षस बोलतात, म्हणजे बोलले असते; पण ते थेट डोक्यात शिरून संवाद साधतात. वाचावी म्हटलं, तर त्याच नियमपुस्तकात तिच्या लिपीच्या रकान्यात नुसती रेघ आहे. आणि एखादं भित्तिलेखन सापडलंच, तर आमची विझार्ड पहिल्या पातळीचा फालतू मंत्र म्हणते, भिंतीला हात लावते आणि तासभर तिला सगळं कळतं. तासभर! इकडे माझे अडीचशे दिवस. यावर डीएमला विचारलं तर म्हणतो, "पण तुझ्यामुळे जगाला खोली येते." दर वेळी लूट वाटताना ही खोली कुठे जाते, देव जाणे.

नाक्यावरचा हिशेब असा झाला : बार्बेरियनला टोल माफ, बाकीच्यांना एकेक चांदीचं नाणं, मला तीन. दोन नाणी 'अशिष्ट भाषेत संभाषण करून रांग अडवल्याबद्दल' जादा. मी पावती मागितली, ती कॉमनमध्ये मिळाली आणि तिच्यात माझं नाव चुकवलेलं होतं. ती दोन नाणी मी अजून मागतोय. डीएम म्हणतो, अर्ज कर, तीन प्रतींत. आणि गॉब्लिनमध्ये नको, त्यांच्या कचेरीत ती वाचता येणारं आता कोणी उरलेलं नाही.