'केसांची गोळी पुरुषाला नपुंसक करते' म्हणे!

होळीच्या आदल्या रात्री अडीच वाजता मामांची लघवी अडकली. दवाखान्यात नळी घालून पिशवी लावली, तेव्हा कुठे त्यांचा जीव जाग्यावर आला. वय 71, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेलं, त्यावर फिनास्टेराइडची 5 मिलिग्रॅमची गोळी चार वर्षं चालू. म्हणजे चालू आहे असं आम्ही समजत होतो. मामांनी ती दिवाळीलाच बंद केली होती. का, तर घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता. तो होता केस गळण्याच्या गोळीबद्दल, पण औषधाचं नाव तेच. "हार्मोन बंद पडतात म्हणे. आता या वयात काय राहिलंय, तरी म्हटलं नको," हे मामांचं स्पष्टीकरण. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट परत फुगलंय.

माझं मेडिकलचं दुकान आहे. हाच मेसेज मोबाइलवर दाखवणारी पोरं काउंटरवरही येतात. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: टक्कल पडू नये म्हणून देतात ती फिनास्टेराइड म्हणजे पुरुषाचं रासायनिक खच्चीकरण. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन संपतं, कायमचं नपुंसकत्व येतं. बाईने गोळीला हात लावला तरी बाळ विकृत होतं. परदेशात बंदी आहे. त्यापेक्षा कांद्याचा रस लावा, 21 दिवसांत केस.

खच्चीकरण! बैल खच्ची करताना ज्याने एकदा पाहिलंय, तो हा शब्द असा उधळणार नाही. शरीरात 5-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन करतं. ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या टाळूवरच्या केसांची मुळं या डीएचटीमुळे बारीक होत जातात. उतारवयात प्रोस्टेट वाढतं तेही त्याच्याच जोरावर. गोळी फक्त त्या एन्झाइमला अडवते. रक्तातलं डीएचटी साधारण 70 टक्क्यांनी उतरतं. आणि टेस्टोस्टेरॉन? ते संपत तर नाहीच, उलट थोडं वाढतं, कारण त्याचं डीएचटी होणं कमी झालेलं असतं.

हे औषध सुचलं कसं, ते मेसेजवाल्याने वाचायला हवं होतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची, मुली म्हणूनच वाढायची आणि बारा-तेरा वर्षांची झाली की आवाज फुटायचा, अंग भरायचं, बघता बघता पुरुष व्हायची. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टरीणबाईंनी 1974 मध्ये त्यामागचं कारण छापलं: या मुलांत ते एन्झाइम जन्मापासूनच कमी. मोठेपणी यांचं प्रोस्टेट लहान, आणि एकालाही टक्कल नाही. म्हणजे डीएचटी कमी असतानाही वयात येताना पुरुषपण आलं ते टेस्टोस्टेरॉनच्या बळावर.

याच गोष्टीत मेसेजमधलं अर्धं सत्यही आहे. मुलगा पोटात असताना त्याचे अवयव नीट घडायला डीएचटी लागतं. म्हणून गरोदर बाईने फुटलेली किंवा चुरलेली गोळी हाताळू नये. अख्ख्या गोळीवर थर असतो, तिला बोट लागलं म्हणून काही होत नाही. पण आमची गिऱ्हाइकं काय करतात? 5 मिलिग्रॅमची स्वस्त पडते म्हणून ती घ्यायची आणि ब्लेडने चार तुकडे करायचे, तेही स्वयंपाकघराच्या ओट्यावर. घरात बायको गरोदर असेल तर भीती या भुकटीची.

नपुंसकत्वाचं म्हणाल, तर 1 मिलिग्रॅमची गोळी ज्या चाचण्यांवर मंजूर झाली त्यांचे आकडे उघड आहेत. पहिल्या वर्षात लैंगिक तक्रार केली ती गोळीवाल्यांपैकी 3.8 टक्क्यांनी. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी खाणाऱ्यांपैकी 2.1 टक्क्यांनी. दोन वर्षांनी केसांची संख्या टिकली किंवा वाढली ती 83 टक्के जणांची, दुसऱ्या गटात 28.

'कायमचं' या शब्दावर मात्र मला आवंढा गिळावा लागतो. गोळी बंद केल्यावरही तक्रारी गेल्या नाहीत असे पुरुष आहेत, आणि 2012 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, तशी नोंद माहितीपत्रकात घालायला लावली. मे 2025 मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. केसांसाठी गोळी घेताना मन खचायला लागलं तर ती थांबवायची आणि डॉक्टर गाठायचा. मेसेजमध्ये एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. आणि चिठ्ठी न बघता स्ट्रिप फाडून देणारे आमच्याच धंद्यातले आहेत, हेही कबूल. पन्नाशीच्या पुढे ही गोळी चालू असेल तर पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीच्या वेळी सांगा. आकडा निम्म्यावर येतो, डॉक्टर फसतात.

परदेशात बंदी? अमेरिकेत केसांसाठी मंजुरी डिसेंबर 1997 ची आहे. बंदी होती ती खेळाडूंना, कारण स्टेरॉइडची चोरी या गोळीआड लपते असा संशय होता. तीही 2009 मध्ये उठली.

राहिला कांदा. त्याच्या रसाचा एक छोटासा अभ्यास आहे खरा, पण तो चाईवर. चाई वेगळी, घराण्यातलं टक्कल वेगळं. फॉरवर्ड टाकणारा आमचा मावसभाऊ दुसऱ्या दिवशी मामांना बघायला आला होता. खाटेजवळ वाकला तेव्हा डोक्याला उग्र वास येत होता. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मला म्हणाले, "गोळी दे रे."