‘पक्ष नाही त्याचं मत वाया’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निवडणूक आली की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मथितार्थ असा: जे कुठल्याच पक्षाचे नाहीत त्यांच्या मतानं निकाल बदलत नाही, अपक्ष निवडून येत नाही, आलाच तर विकला जातो, म्हणून सगळ्यांनी नोटा (‘वरीलपैकी कुणीही नाही’चं बटण) दाबा, नोटाला जास्त मतं पडली की निवडणूक रद्द आणि सगळे उमेदवार बाद.

निकाल बदलत नाही? 2024 ला धुळे लोकसभेत काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी जिंकल्या. सहा विधानसभा क्षेत्रांवर वाटली तर ही मतं प्रत्येकी साडेसहाशेसुद्धा भरत नाहीत. 1,916 जणांनी इकडचं मत तिकडे टाकलं असतं तर भाजपचे सुभाष भामरे खासदार राहिले असते. त्याच वर्षी विधानसभेला नवापुरात फरक 1,121 चा होता आणि दुसऱ्या नंबरवर अपक्ष शरद गावित होते. पक्षवाल्यांना हे गणित पाठ असतं. बूथच्या यादीत पक्क्या मतांवर खुणा झाल्या की उरलेल्या घरांवरच फेऱ्या वाढतात.

अपक्ष निवडून येत नाही, हे अंमळनेरात कुणी ऐकूनही घेणार नाही. तिथं 2009 आणि 2014 असे लागोपाठ दोन वेगवेगळे अपक्ष आमदार झाले. 2019 ला मुक्ताईनगरात चंद्रकांत पाटील 1,957 मतांनी आणि साक्रीत मंजुळा गावित अपक्षच निवडून आल्या. ‘विकला जातो’ हा पुराव्याशिवायचा आरोप आहे. पण त्यामागची तक्रार खोटी नाही: 2022 ला हे दोघं शिंदे गटासोबत गेले आणि 2024 ला शिवसेनेच्या चिन्हावर लढले. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, अपक्ष आमदार पक्षात गेला तर आमदारकी जाते, नुसता ‘पाठिंबा’ दिला तर जात नाही. फट इथं आहे. तेव्हा अपक्ष दारात आला की रस्त्या-पाण्याच्या आधी पाठिंबा कुणाला देणार हे विचारावं, तेही चारचौघांत. (त्याचीही अडचण असते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. चिन्ह माघारीनंतर मिळतं, म्हणजे ते सातपुड्यातल्या पाड्यांवर पोचवायला जेमतेम पंधरवडा.)

आता नोटा. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी निवडणूक रद्द होत नाही. उमेदवारांत ज्याची मतं जास्त तो निवडून येतो, बाकीच्यांवर बंदीही येत नाही. 2024 ला इंदूरला नोटाला 2,18,674 मतं पडली, तरी भाजपचा उमेदवार दहा लाखांहून जास्त फरकानं खासदार झाला. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. आणि उमेदवार एकच उरला तर बटणच नसतं: घरोघर खान्देशी माणूस असलेल्या सुरतेत 2024 ला लोकसभेचं मतदान झालंच नाही.

मेसेजमधली अफवा जिथून वाढली ती गोष्ट मात्र खरी आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगानं स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला: नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक. तिच्यातही नोटाच पुढे राहिला तर तिसरी फेरी नाही, जास्त मतांचा उमेदवार निवडून येतो. हा आयोग वेगळा, लोकसभा-विधानसभा घेणारा दिल्लीचा भारत निवडणूक आयोग वेगळा. पालिकेच्या प्रभागात हा नियम चालेल, आमदारकीला चालणार नाही.

नोटाही पक्षांनी दिलेला नाही. नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2013 ला तो द्यायला लावला. उमेदवाराच्या शपथपत्राचंही तेच. 2002 मध्ये न्यायालयानं उमेदवारांची माहिती उघड करायला सांगितली, तेव्हा संसदेनं कायदा बदलून ती अडवली; मार्च 2003 मध्ये न्यायालयानं तो बदल रद्द केला.

त्या शपथपत्राला, फॉर्म 26 ला, पाच मिनिटं द्या. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. प्रलंबित गुन्हे, पाच वर्षांचं उत्पन्न, सरकारी थकबाकी आणि घरच्यांच्या नावावरचे सरकारी ठेके एवढे रकाने आधी वाचा. आणि मतदार यादीत आपलं नाव आधीच बघून ठेवा: जिल्हा परिषद-पालिकेच्या निवडणुकीला ठरावीक तारखेची विधानसभेचीच यादी फोडून वापरतात. नवीन नावनोंदणीचा फॉर्म 6 भरूनही त्या तारखेनंतर नाव चढलं तर त्या वेळी मत देता येत नाही.