जुन्या स्पीकरला भोक पाडायला निघालात? आधी हे वाचा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. जुने बंद खोक्याचे स्पीकर घ्या, मागून भोक पाडा, त्यात प्लंबिंगचा पाइप बसवा, आत कापूस गच्च कोंबा, बेस डबल! लोक खरंच ड्रिल घेऊन बसतायत आणि चांगले स्पीकर वाया जातायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"भोक पाडलं की बेस वाढतो." बंद खोक्यात आतली हवा स्प्रिंगचं काम करते. १९५४ मध्ये एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकाने एआर-१ हा स्पीकर काढला तो याच तत्त्वावर, वूफरचं (बेस वाजवणाऱ्या मोठ्या भागाचं) सस्पेन्शन, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या कोनला धरून ठेवणारा लवचीक आधार, मुद्दाम ढिलं ठेवायचं आणि कोनला आवरायचं काम आतल्या हवेवर सोडायचं. नंतरच्या कितीतरी बंद स्पीकरमध्ये असेच वूफर असतात, त्यांना भोक पाडलं की पोर्टच्या (त्या भोकाच्या किंवा पाइपच्या) ट्यूनिंगच्या, म्हणजे ज्या सुराला पोर्ट सगळ्यात जोरात वाजतो त्याच्या, खालच्या सुरांना ती स्प्रिंग उरतच नाही, कोन मोकाट हलतो, आवाज वाढवला की कोन हलवणारी तारेची कॉइल मागे आपटून टक टक येतं. शिवाय त्या ट्यूनिंगच्या खाली बेसची घसरण बंद खोक्यात ऑक्टेव्हला (म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की) १२ डेसिबल असते ती २४ होते. म्हणजे कुठेतरी मधेच एक फुगवटा येतो, ढब ढब, आणि लोकांना तोच बेस वाटतो. पोर्टवाले स्पीकर वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण त्यांचा वूफर, खोकं आणि पाइप एकमेकांसाठी हिशेब करून निवडलेले असतात.

"पाइप कुठलाही चालतो." हा सगळ्यात चुकीचा मुद्दा. २० लिटरचं खोकं धरा, ५ सेंमी व्यासाचं भोक. नुसतं १८ मिमीच्या फळीत भोक असेल तर ट्यूनिंग येतं साधारण ७० हर्ट्झ, तिथेच १० सेंमी लांब पाइप लावला तर ४६च्या आसपास. इतका फरक नुसत्या लांबीने पडतो! कुठलं ट्यूनिंग हवं ते वूफरचे एफएस (त्याचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (कोन किती आवरला जातो) आणि व्हीएएस (सस्पेन्शनइतकी लवचीक हवा किती लिटर) हे आकडे बघून ठरतं, आणि क्यूटीएस ०.६-०.७च्या वर असेल तर पोर्टच्या नादी लागूच नका. ज्यांच्याकडे पोर्टवाले स्पीकर आहेत त्यांनी एकदा करून बघा, मोबाइलवरून टोन जनरेटर (एकच सूर वाजवणारं अ‍ॅप) लावा, आवाज कमी ठेवा, १०० हर्ट्झपासून हळूहळू खाली या आणि कोनकडे बघत रहा. एका ठिकाणी कोन जवळजवळ थांबतो आणि पाइपच्या तोंडाशी हात धरला तर हवा जोरात लागते, तेच ट्यूनिंग. त्याच्याही खाली गेलात की कोन एकदम मोठ्या हेलकाव्याने हलायला लागतो, ते दिसलं की मी वर काय म्हणतोय ते लगेच कळेल.

"कापूस जितका जास्त तितका बेस जास्त." अर्धं खरं. बंद खोक्यात सैल भरलेला कापूस खोकं थोडं मोठं असल्यासारखा परिणाम देतो, पण गच्च ठासला तर जागाच खातो. पोर्टवाल्यात पाइपच्या तोंडाशी कापूस आला की पोर्टचा आवाजच मरतो.

आता मुख्य गोष्ट. जुन्या स्पीकरचा बेस गेला असेल तर बहुतेक वेळा काहीतरी खराब झालेलं असतं, डिझाइन चुकलेलं नसतं. माझ्या जोडीत कोनभोवतीचा फोम बोट लावताच काळ्या चिकट भुग्यासारखा सुटून आला, आणि मागच्या टर्मिनलच्या (वायर जोडायच्या जागेच्या) कडेने हवा गळत होती. फोम नवीन बसवला, टर्मिनलखाली गॅस्केट टाकलं, बेस परत आला, खोक्याला हात लावला नाही. बंद खोकं गळतंय का बघायला अँप बंद करून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान, हलका आत दाबा आणि सोडा, सावकाश बाहेर आला तर ठीक, पटकन उसळला तर हवा कुठून तरी जातेय. दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस सारखे आहेत का तेही बघा, एक जरी उलटा असला तरी बेस गायब होतो. मग भिंतीजवळ सरकवून ऐका, फुकटात फरक पडतो.

भोक आधीच पाडलं असेल तर तेवढ्याच जाडीची गोल चकती कापून लाकडाच्या गोंदाने बसवा, आतून तिच्यापेक्षा मोठा प्लायचा तुकडा चिकटवा, आणि कापायच्या आधी वूफर काढून ठेवा, नाहीतर भुसा कॉइलच्या फटीत जाऊन खरखर सुरू होईल. गोंद वाळला की पुन्हा कोन दाबून बघा.