कापडाखालचं टेबल

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : इंग्रज काळातले प्रसंग आजचे कलाकार स्वतःच्या कल्पनेने रंगवतात, ही इतिहासाची मोडतोड आहे, जुनी चित्रं घडलं तसंच दाखवायची, आणि हे सगळं परदेशी फॅड आहे. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

जुन्या चित्रांपासूनच सुरुवात करू. 1765 साली मुघल बादशहा शाह आलमने अलाहाबादेत ईस्ट इंडिया कंपनीच्या क्लाइव्हला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क दिला, त्या प्रसंगाचं चित्रकार बेंजामिन वेस्टचं चित्र पाहा. भव्य दरबार, उंचावर बसलेला बादशहा, भोवती गर्दी. प्रत्यक्षात हे झालं क्लाइव्हच्या तंबूत. जेवणाच्या टेबलावर खुर्ची चढवली, वर कापड टाकलं, झालं सिंहासन! वेस्टने हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं आणि चित्र रंगवलं ते पन्नासेक वर्षांनी. एका व्यापारी कंपनीने महसूल गिळला, तो चित्रात राजीखुशीचा नजराणा झाला. याला मोडतोड म्हणायला मेसेजवाले तयार आहेत का?

फॅड म्हणाल, तर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक 1907 सालचं. प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला, द्रौपदीत देश, भीमात जहाल. कर्झन तोवर सुखरूप मायदेशी परतलाही होता, तरी 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

आता मोडतोडीचा आरोप. 1992 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या संग्रहालयात फ्रेड विल्सन या कलाकाराने चांदीच्या सुरया आणि गुलामांच्या बेड्या एकाच कपाटात मांडल्या. दोन्ही वस्तू त्याच संग्रहातल्या. त्याने फक्त त्या शेजारी ठेवल्या. आपल्याकडे 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सरकारने त्याला खून म्हटलं, आपण वध म्हणतो. तारीख तीच, जागा तीच, माणसं तीच.

कल्पनेतलं चित्र अस्सल फोटो म्हणून पुढे ढकलणं मात्र चूकच. त्याखाली तसं स्पष्ट लिहायलाच हवं.

मागच्या आठवड्यात वर्गात वेस्टचं चित्र दाखवलं, तंबूची हकीकत सांगितली आणि मुलांना तोच प्रसंग काढायला लावला. सातवीतल्या एका मुलीने बादशहा अगदी छोटासा काढला. सिंहासनावरचं कापड मात्र तिने मुद्दाम आखूड ठेवलं होतं. खालून टेबलाचे चारही पाय दिसत होते.