दोन कॉलम पुरे म्हणे!

भाचीनं एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, "मामा, मग पोस्टजीआयएस काढून टाकू का?" पोस्टजीआयएस म्हणजे डेटाबेसला नकाशावरचे आकार साठवायला आणि शोधायला शिकवणारी जोड. भाची गुहागरकडच्या जमिनींचा डेटाबेस सांभाळते. गट नंबर, हद्दी, भरतीरेषेपासूनचं अंतर, सगळं त्यात. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: लोकेशनसाठी अक्षांश-रेखांशाचे दोन कॉलम पुरतात, जागा मोठी असेल तर मध्यबिंदू ठेवा, अंतर हवं तर अंशाला 111 किलोमीटरनं गुणा, स्पेशियल इंडेक्स (जागेनुसार नोंदी पटकन शोधून देणारी सूची) हे नवं फॅड आहे आणि त्यानं डेटाबेस उलट मंदावतो.

मध्यबिंदूचं आधी घेतो, कारण त्यात कुणाचे तरी पैसे बुडणार आहेत. समुद्रकिनारी भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी नियमन क्षेत्रात येतो. आता आपल्याकडच्या माडाच्या वाड्या आठवा, किनाऱ्यापासून वर रस्त्यापर्यंत लांबच लांब. समजा एका वाडीचा मध्यबिंदू भरतीरेषेपासून 540 मीटरवर आहे आणि खालची कड 460 वर. टेबल सांगणार, 'सीआरझेडच्या बाहेर'. घेणारा खुशाल इसार देऊन मोकळा! खाडीच्या वळणाला धरून असलेल्या चंद्रकोरीसारख्या जमिनीचा मध्यबिंदू तर कधी कधी त्या जमिनीतच नसतो, थेट खाडीत पडतो. हद्द ही हद्द म्हणूनच साठवायला हवी, म्हणजे पॉलिगॉन, अनेक बिंदू जोडून झालेला बंद आकार. तो दोन कॉलमांत बसत नाही. विषय संपला.

नुसते बिंदू असतील, शे-दोनशे होमस्टे वगैरे, तर दोन कॉलम चालतील. मान्य. त्यातून आपली किनारपट्टी उत्तर-दक्षिण पसरलेली, त्यामुळे अक्षांशाच्या साध्या इंडेक्सवर बरंच भागतं. रेखांशाचा मात्र उपयोग जेमतेम. मालवणच्या पाच किलोमीटर आसपासचा रेखांशाचा पट्टा घ्या, त्यात दीडशे किलोमीटरहून लांबचा चिपळूणच्या आसपासचा भागही येतो. स्पेशियल इंडेक्स बहुधा आर-ट्री नावाच्या पद्धतीचा असतो, तो दोन्ही दिशा एकदम बघतो. प्रत्येक आकाराभोवती एक चौकट, जवळजवळच्या चौकटींभोवती आणखी मोठी चौकट. आधी चौकटी चाळायच्या, उरतील तेवढ्यांचीच नेमकी हद्द तपासायची.

111 चा आकडा अक्षांशाला ठीक. रेखांशाचा अंश रत्नागिरीच्या आसपास साधारण 106.5 किलोमीटरचा भरतो. आणि फॅड म्हणाल, तर आर-ट्री अँटोनिन गटमन या संशोधकानं 1984 साली मांडलं, पोस्टजीआयएस 2001 पासून आहे. फॉरवर्ड लिहिणारा तेव्हा शाळेत तरी होता का, देव जाणे.

राहिलं मंदावण्याचं. नवी नोंद घालताना स्पेशियल इंडेक्सचा थोडा भार पडतो, हे खरं. पण 'इंडेक्स लावला तरी क्वेरी रडतेच' ही तक्रार ऐकली की मी आधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मागतो. बहुतेक वेळा तिच्यात एसटी-डिस्टन्स (अंतर मोजणारं पोस्टजीआयएसचं फंक्शन) वापरून अंतर काढून ते 500 पेक्षा कमी आहे का, असं विचारलेलं असतं. अशा अटीला इंडेक्स लागतच नाही, प्रत्येक ओळीचं अंतर मोजलं जातं. त्याऐवजी 'एवढ्या अंतराच्या आत आहे का' एवढंच विचारणारं एसटी-डीविदिन वापरा. ते आधी चौकटी ताडून बघतं आणि त्यासाठी इंडेक्स वापरतं, असं पोस्टजीआयएसच्या मॅन्युअलमध्येच स्पष्ट लिहिलंय. फॉरवर्ड करण्याआधी तेवढं एक पान वाचलं असतं तरी पुरे होतं.

मात्र एसटी-डीविदिन वापरूनही सगळ्याच जमिनी 500 च्या आत येत असतील, तर कॉलमचा एसआरआयडी, म्हणजे निर्देशांक कोणत्या पद्धतीत आहेत ते सांगणारा क्रमांक, बघा. जॉमेट्री प्रकारचा (सपाट नकाशासारखं मोजणारा) कॉलम 4326 मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत असेल तर 500 म्हणजे 500 अंश, आणि तेवढ्यात अख्खी पृथ्वी मावते. कोकणातल्या हद्दी 32643 मध्ये, म्हणजे यूटीएम झोन 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत साठवा आणि जिस्ट इंडेक्स (पोस्टजीआयएसमधला स्पेशियल इंडेक्स) त्याच कॉलमवर लावा. तिथे 500 म्हणजे मीटरच.